उज्ज्वला विचारायची

उज्ज्वला साळवेबद्दल कुणी चांगलं बोललं की माझ्या पोटात अजूनही दुखतं. आणि तिच्याबद्दल लोक चांगलंच बोलतात, ही माझी खरी अडचण. आमच्या घरी तर रविवारी सकाळी पप्पा चहाचा कप खाली ठेवतात आणि विचारतात, "उज्ज्वलाचा फोन आलता का गं?" पोटची पोरगी समोर बसलेली असते, चहा तिनंच केलेला असतो, आणि चौकशी उज्ज्वलाची. "आलता," म्हणते मी. कधी खरंच आलेला असतो, कधी नसतो.

परवा तसंच झालं आणि मी ठरवलं की एकदा तिच्याबद्दल लिहूनच टाकायचं. लिहिलं की मन मोकळं होतं म्हणतात. माझं होईल असं वाटत नाही, पण बघू.

बी.कॉम. झाल्यावर मी औरंगपुऱ्यातल्या एका क्लासला नाव घातलं. वेबसाइट बनवायला शिकवायचे तिथं. खाली स्टेशनरीचं दुकान, वर अंधारा जिना, आणि दुसऱ्या मजल्यावर ओळीनं मांडलेले संगणक. निम्म्यांच्या कीबोर्डवरची अक्षरं बोटांनी पुसून गेलेली. शिकवायला इनामदार सर. सर मूळचे गणिताचे. त्यांचा नियम असा की पहिले काही दिवस संगणकाला हात लावायचा नाही. आधी टॅग वहीत लिहायचे. टॅग म्हणजे वेबपेजवर काय कुठं, कसं दिसायचं ते सांगणाऱ्या खुणा. मजकुराच्या सुरुवातीला एक, शेवटाला एक. ते पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी उभं राहून म्हणून दाखवायचे.

मला हा नियम फार आवडला. पाठांतर हा माझा हुकमी प्रांत होता. शाळेत, कॉलेजात मी त्याच जोरावर पुढं आले होते. बजाजनगरहून सिटी बसनं येताना सगळा रस्ताभर मी ओठातल्या ओठात टॅग पुटपुटायची. शेजारच्या बाईला वाटायचं, पोरगी जप करतेय.

उज्ज्वला आली ती उशिरा, क्लास सुरू होऊन काही दिवस झाल्यावर. उंच, जाड वेणी, काखेत एवढी मोठी स्टीलची बाटली, आणि आवाज असा की जिन्यात बोलली तरी आत ऐकू यायचं. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिथं येऊन बसली. कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीची. शहरात मुलींच्या वसतिगृहात राहायची. एवढं तिनं बसता बसताच सांगून टाकलं आणि माझ्याकडून मी, माझं घर, माझे वडील कोणत्या कंपनीत, हेही काढून घेतलं. मग तिनं माझ्या वहीत डोकावून पाहिलं, पानंच्या पानं टॅग बघितले, आणि हात वर केला.

"सर, एक विचारू का?"

हे तिचं वाक्य. पुढं ते मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही ओळखेन.

"विचार," सर म्हणाले.

"पवायला शिकवताय अन् पाण्यात उतरू देत नाय, असं कसं? आम्ही बुडालो तर तुम्ही हाईतच की काढायला."

इनामदार सरांना उलट बोलायची कुणाची टाप नव्हती. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि चक्क हसले. "चला," म्हणाले, "करा सुरू मशिनी."

दुसऱ्या दिवशी टॅग म्हणून दाखवायची पाळी माझी होती. मला सगळे येत होते, न अडखळता. ती पाळी कधी आलीच नाही.

तेव्हापासून माझं जे सुरू झालं ते आजतागायत चालू आहे.

तिचं शिकणं बघवत नसे. मी एकेक ओळ जपून लिहायची, दोनदा तपासायची आणि मगच पान उघडून बघायची. ती काहीही लिहायची आणि लगेच बघायची. पान मोडायचं, अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढायची, चित्र गायब व्हायचं. ती खूश. "बिघडू दे ना आशे. बिघडल्याबिगर सांधा कुठं हाय ते कसं कळंल?" माझं नाव अश्विनी. आशा, आशी, आशे असलं मला कुणीच म्हणत नाही, घरीसुद्धा. तिनं पहिल्याच आठवड्यात ते करून टाकलं आणि नंतर सगळा वर्ग मला आशे म्हणू लागला.

सुरुवातीची खूण लिहिली की शेवटची लिहायला ती हटकून विसरायची. दार उघडं राहिल्यासारखं व्हायचं. एका ओळीपुरतं ठळक करायचं ते सगळं पान ठळक होऊन बसायचं. मी तिला ते दाखवायची. दाखवताना मला बरं वाटायचं, हे लपवण्यात अर्थ नाही. ती कपाळावर हात मारून म्हणायची, "बघ की, आईपण हेच म्हणती. फाटक उघडं टाकती अन् शेळ्या आत येत्यात." तिची आई गावात अंगणवाडीत होती. मला वाटायचं, चूक दाखवली की माणूस जरा तरी खाली बघतं. ही मजेत हसायची आणि पुढच्या ओळीत तीच चूक करायची.

आणि तिची नावं! वेबपेज म्हणजे चौकटीत चौकट असतं. प्रत्येक चौकटीला आपण नाव देतो, मग त्या नावानं तिचा रंग, तिची जागा ठरवतो. सरांनी दिलेली नावं शहाण्यासारखी होती, इंग्रजीतली: वरच्या पट्टीला हेडर, खालच्या पट्टीला फुटर. उज्ज्वलानं वरच्या पट्टीला नाव दिलं 'आत्या'. मधल्या मोठ्या चौकटीला 'काका'. कडेच्या अरुंद चौकटीला 'मावशी'.

सर पाठीमागं येऊन उभे राहिले. "हे काय लावलंय?"

"सर, हेडर म्हनलं की माझ्या डोळ्यापुढं कुणीच येत नाय. आत्या म्हनलं की येती. आमची आत्या कायम वरच असती, सगळ्यांच्या डोक्यावर."

आठवडाभरात वर्गात हेच सुरू झालं. "मावशी खाली का पडली रे?" "काकाला जरा उजवीकडं सरकव." हसू फुटायचं नुसतं. मी मात्र हेडरला हेडरच म्हणत राहिले. माझं पान सरळ असायचं, एकही चूक नसायची, आणि ते बघायला माझ्या खुर्चीमागं कुणी उभं राहायचं नाही.

ती विचारायची. कुणालाही, काहीही. क्लासखालच्या चहावाल्याला विचारायची, दूध कुठून येतं. जिना झाडणाऱ्या मावशींना विचारायची, गुडघा कसा आहे आणि कशानं दुखतो. सिटी बसच्या कंडक्टरला विचारायची की दिवसभर उभं राहून झोपेतसुद्धा हलल्यासारखं वाटतं का. तो कंडक्टर, जो माझ्याशी चार वर्षांत सुट्ट्या पैशांशिवाय एक शब्द बोलला नव्हता, तिला म्हणाला, "वाटतं की ताई. बायको म्हणती गप पडा." आणि मग आमचा थांबा येईस्तोवर बोलतच राहिला. मी खिडकीबाहेर बघत बसले.

मला विचारता येत नाही. लहानपणापासूनच. विचारलं म्हणजे आपल्याला येत नाही हे कळतं. त्यापेक्षा घरी जाऊन शोधून काढावं, रात्र झाली तरी चालेल. उज्ज्वलाला न येण्याची लाजच नव्हती. हे मला तेव्हा निर्लज्जपणासारखं वाटायचं. आता काय वाटतं ते सांगणं अवघड आहे.

मग सरांनी काम दिलं: आपल्या गावाचं एक पान करा. मी बजाजनगरचं करणार हे उघडच होतं. ती देवगावचं करणार असं मी धरून चालले होते. ती म्हणाली, "देवगाव मला पाठ हाय. पाठ हाय ते काय करायचं? मी तुझ्या घरी येते. कंपन्यांमधली वस्ती मी आतून कधी बघितलीच नाय."

नाही कसं म्हणणार? रविवारी ती आली.

आमचं घर दोन खोल्यांचं. पप्पा वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्र्यावर दाब देऊन सुटे भाग काढतात त्या विभागात. घरात ते बोलत नाहीत. रागीट नाहीत, पण पाळी करून आले की जेवण, टीव्ही, झोप. "दप्तर भरलं का," "फी भरली का," "बस मिळाली का," एवढंच आमच्यातलं बोलणं. मी मोठी झाल्यावर दप्तर आणि फी गेली, बस तेवढी राहिली.

उज्ज्वला दारातूनच म्हणाली, "जय भीम काका."

आईनं एकदा माझ्याकडं पाहिलं. पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "जय भीम, जय भीम. ये, बस." अगदी सहज म्हणाले. कंपनीत त्यांच्या शेजारच्या मशीनवर वर्षानुवर्षं त्यांचा जोडीदार होता तो रोज सकाळी असंच म्हणायचा, हे मला त्या दिवशी कळलं. आईनं कपाटातले चांगले कप काढले. मी आत चहा ठेवला.

माझ्या घरात मी चहा करत होते आणि बाहेर ती माझ्या वडिलांशी बोलत होती. स्वयंपाकघराचं दार म्हणजे एक पडदा, सगळं ऐकू येत होतं. प्रेस कसा चालतो, पत्रा कसा धरायचा, आवाज कसा असतो. पप्पा हातानं दाखवत होते, असं त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं: "असा येतो वरून, बघ. धाडकन." मग ती म्हणाली,

"काका, एक विचारू का? हे बोट कुठं गेलं?"

माझ्या हातातली साखर सांडली. पप्पांच्या डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट अर्धं आहे. मी जन्मल्यापासून ते तसंच पाहिलेलं. मशीनमध्ये गेलं, एवढं ठाऊक होतं. केव्हा, कसं, हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. ते विचारायचं नसतं असं मी समजून होते.

मला वाटलं, आता टीव्हीचा आवाज वाढेल.

"हिच्या बारशाच्या दोन दिवस आधी," ते म्हणाले.

दूध वर येत होतं. मी हललेच नाही. आईनं पुढं होऊन गॅस बारीक केला.

"हिची आई बाळंतपणाला माहेरी, वैजापूरकडं. मी इकडं एकटा. पाळी संपत आलती, डोळा लागल्यासारखं झालं आन् हात मागं घ्यायला उशीर झाला. दवाखान्यात टाके घातले. मुकादम म्हनला, घरी कळवतो. मी म्हनलं, नाय. पोरीच्या बारशाला रगताची बातमी नको. तिची आई वली बाळंतीण, तिला धसका बसंल. काळी पँट घातली, पट्टी बांधलेला हात खिशात घातला आन् बसनं गेलो."

"दिवसभर खिशातच?"

"दिवसभर. फोटो काढला तवाबी. तो बघ ना तिथं."

टीव्हीशेजारी तो फोटो आहे. आई पाळण्याजवळ, मी कापडात गुंडाळलेली, आणि पप्पा कडेला एक हात खिशात घालून ऐटीत उभे. शाळेत असताना मी मैत्रिणींना तो दाखवायची. "माझे पप्पा बघ कसे हिरोसारखे उभे राहायचे."

"सासूनं पोर हातात दिलं. म्या एकाच हातानं धरलं. समद्या बाया हसल्या, जावयाला लेकरू धरता येत नाय म्हनल्या. हसू दिलं. खिसा वला झालता, पर काळ्या पँटीत कुणाला दिसतंय? परत निघताना दाराआड हिच्या आईला दाखवलं."

मी आईकडं पाहिलं. तिला सगळं ठाऊक होतं. ती दुधाकडं बघत होती.

बाहेर उज्ज्वलानं 'बापरे' म्हटलं नाही, 'अरेरे' म्हटलं नाही. ती म्हणाली, "मग काका, पोरीला दोन्ही हातांनी पहिल्यांदा कवा घेतलं?"

पप्पा आठवत असावेत.

"टाके निघून ह्या दोघी इकडं आल्यावर. तवा ती अशी डोकं धरून बघायला लागली व्हती." आणि ते हसले. मी त्यांचं तसलं हसू आधी कधी ऐकलं नव्हतं.

चहा घेऊन मी बाहेर गेले. पप्पांनी कप घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "साखर कमी पडली."

तिला थांब्यापर्यंत सोडायला गेले. "कशाला विचारलंस बोटाचं?" मी म्हणाले. "असं विचारतात का कुणाला?"

तिनं माझ्याकडं नवलानं पाहिलं. "माझ्या वडलांच्या पाठीवर एक वण व्हता. लांब, असा खांद्यापासून. मी लहानपणी त्यावरून बोट फिरवायची. कशाचा ते विचारलंच नाय. ते गेले. आईलाबी ठाऊक नाय." बस आली, तिनं हात केला. "आता मी कुणालाबी सोडत नाय."

बस गेली आणि तिच्यावर चिडायची सोयही माझ्याकडं राहिली नाही. तिच्यापाशी कारणसुद्धा माझ्याहून मोठं होतं.

पानं दाखवायचा दिवस आला. माझं बजाजनगर नीटनेटकं होतं. वर पट्टी, त्यात शाळा, बाजार, दवाखाने, बससेवा. प्रत्येकाखाली माहिती, सगळ्या ओळी एका रेषेत. सर म्हणाले, "शिस्तबद्ध," आणि पुढं गेले.

उज्ज्वलाच्या पानावर एकच फोटो होता. आमच्या घरातला. खाली पप्पांचं बोलणं, जसंच्या तसं, त्यांच्याच शब्दांत. सर म्हणाले, "एवढंच?" ती म्हणाली, "खिशावर माउस न्या ना सर." सरांनी बाण फोटोतल्या खिशावर नेला आणि चित्र बदललं. तिथं पप्पांचा आजचा हात आला, उघडा, तळवा वर, अर्ध्या बोटासकट. बाण काढला की हात परत खिशात.

जिना झाडणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या, त्या आत आल्या आणि पदराला हात पुसून म्हणाल्या, "परत एकदा दाव गं."

"हे तुला जमलं कसं?" सरांनी विचारलं.

"तुम्हालाच विचारलं व्हतं की मागं, फोटोतल्या खिशात हात घालता येतो का. तुम्ही सांगितलं, खिशावर न दिसणारी चौकट ठेव."

तिनं पप्पांना फोन करून फोटो मागून घेतला होता, हाताचा फोटो शेजारच्या पोराकडून काढून घ्यायला लावला होता. परवानगी काकांची. माझी नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मला एका शब्दानं सांगायचं होतंस."

"तुला दचकवायचं व्हतं," ती म्हणाली. "आवडलं नाय?"

आवडलं होतं. तिथंच तर सगळी मेख होती. घरी पप्पांनी ते पान मोबाइलवर उघडून घेतलं, चष्मा लावून बघितलं आणि कंपनीतल्या सगळ्यांना पाठवलं. माझं पान मी त्यांना दाखवलं नाही. बससेवेची माहिती दाखवून काय करू?

कोर्सच्या शेवटी सरांनी शहरातल्या काही ऑफिसवाल्यांना बोलावलं होतं. मुलांनी पुढं येऊन आपलं काम दाखवायचं. त्यांत सिडकोतल्या राठोड मॅडम होत्या. दुकानांच्या, मंगल कार्यालयांच्या वेबसाइट करून देणारं छोटं ऑफिस चालवायच्या. बाई कडक. उज्ज्वलाचं पान त्यांनी पडद्यावर बघितलं, मान हलवली, आणि आपला मोबाइल काढून त्यावर उघडलं. मोबाइलवर सगळं पान मुंगीएवढं दिसत होतं. फोटोतला माणूससुद्धा ओळखू येईना.

"गिऱ्हाईक मोबाइलवरच बघतं," मॅडम म्हणाल्या. "हे चालायचं नाही."

का होतंय ते मला कळलं होतं. मोबाइलच्या रुंदीप्रमाणं पान बसवायची एक ओळ असते, ती तिनं टाकलेली नव्हती. माझ्या पानात ती होती, पहिल्या दिवसापासून. मी मागच्या रांगेत बसले होते, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी उकाड्यात वारा लागल्यासारखं वाटलं.

उज्ज्वलानं माइक तसाच हातात धरून, भरल्या खोलीत, मॅडमांसमोर, सरांसमोर, मागं बघून विचारलं, "आशे, ती मोबाइलची ओळ कोणती गं? माझ्या कायम ध्यानातून जाती."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी उभी राहिले आणि ती ओळ अक्षरन् अक्षर सांगितली. पाठच होती. तिनं टंकली. मॅडमांनी परत उघडलं. फोटो पडदाभर आला. त्यांनी खिशावर बोट टेकवलं, हात बाहेर आला, आणि त्या कडक बाईनं बोट उचललंच नाही काही वेळ.

"तू ये सोमवारपासून," त्या म्हणाल्या. मग मागं बघून, "आणि तू, ओळ सांगणारी, तूही ये."

ओळ सांगणारी. मला नोकरी लागली ती अशी. तिच्या जागी मी असते तर मोबाइलवर पान बिघडलेलं असतानाच मेल्यासारखी खाली उतरले असते. विचारून नोकरी मिळवणं हे मला सुचलंही नसतं.

जिना उतरताना तिनं माझा हात धरला. "तुझ्यामुळं झालं बघ." ती मनापासून म्हणत होती. म्हणूनच ते सहन होईना.

राठोड मॅडमांकडं आम्ही शेजारी शेजारी बसायचो. गिऱ्हाइकांशी बोलायचं काम तिचं, पान बांधायचं माझं, अशी वाटणी आपोआप झाली. एकदा सिल्लोडचे एक मक्याचे व्यापारी आले, हाजीसाहेब. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा कुर्ता. त्यांना सगळं पान लालभडक हवं होतं आणि मधोमध दुकानाचं नाव उघडझाप करणारं. मी त्यांना समजावून थकले. रंगसंगती, वाचनीयता, काय काय सांगितलं. ते मान हलवायचे आणि म्हणायचे, "लाल रखो बेटा."

उज्ज्वला तिची खुर्ची घेऊन त्यांच्यासमोर बसली. "चचा, एक बात पूछूँ? लालच कायकू?"

हाजीसाहेब थोडे घुटमळले. मग म्हणाले, त्यांच्या अब्बांनी पहिलं दुकान टाकलं तेव्हा पाटी रंगवायला फक्त लाल रंगाचा डबा होता, कुणीतरी उरलेला दिलेला. ती पाटी रस्ता रुंद करताना गेली. फोटोसुद्धा नाही.

"तो पूरा पन्ना लाल नक्को करते चचा," ती म्हणाली. "अब्बा की पाटी बनाते. वैसीच. ऊपर. बाकी सफेद, पाटी उठके दिखना ना?"

हाजीसाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला. पाटी मी केली. अक्षरांचं वळण त्यांनी सांगितलं तसं जमेपर्यंत मी ती परत परत केली, आणि ती खरोखर सुरेख झाली. माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम असेल. पुढं हाजीसाहेब सिल्लोडहून फोन करायचे तेव्हा मी उचलायची आणि ते म्हणायचे, "बेटा, वो लंबी वाली बच्ची हैं क्या? उन्हों ने मेरे अब्बा की पाटी बनाई ना."

"हैं ना चचा. देती," म्हणून मी फोन तिच्याकडं द्यायची. ती पहिल्याच वाक्याला सांगायची, "पाटी आशेनं बनाई, चचा." दर वेळी सांगायची. हाजीसाहेबांच्या ते ध्यानात राहायचं नाही.

मधल्या काळात ती आमच्या घरी येतच होती. पप्पा तिला कंपनीतल्या गोष्टी सांगायचे. संपाची, पुराच्या पाण्यात मशीन बुडाल्याची, जोडीदाराच्या लग्नाची. मी ऐकायची, पडद्याच्या आतून किंवा बाहेरून. माझ्या वडिलांची सगळी हकिकत मला अशी दुसऱ्याच्या ताटातली वाढून मिळाली. ती नसती तर मिळालीच नसती, हे मला कळतं. कळल्यानं भूक भागत नाही.

मग एक दिवस तिनं सांगितलं की ती पुण्याला चाललीय. एक संस्था होती. गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या कामाच्या, जगण्याच्या आठवणी विचारायच्या, त्यांच्या आवाजात जपायच्या आणि त्या वेबसाइटवर मांडायच्या, असं काम. निवडीच्या वेळी तिनं पप्पांचंच पान दाखवलं होतं.

"तुझ्या अजून शेवटच्या खुणा राहतात," मी म्हणाले. एवढंच सुचलं.

"तिथं एक आशे शोधीन की," ती म्हणाली आणि मग माझा चेहरा बघून गप्प झाली. मला वाटतं, तेवढ्या एकाच वेळी तिला कळलं असावं. तिनं काही विचारलं नाही. जगातल्या सगळ्यांना विचारणाऱ्या त्या मुलीनं मला तेवढं विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी तिची आभारी आहे की तिच्यावर रागावलेली आहे, हे माझं मला ठरवता आलेलं नाही.

सिडको बसस्टँडवर तिला सोडायला पप्पा आले. सुट्टी टाकून. मला कामावर सोडायला त्यांनी कधी सुट्टी टाकलेली नव्हती. ते तिची पिशवी घेऊन चढले, वरच्या फळीवर नीट ठेवली, खाली उतरले आणि खिडकीशी उभे राहिले. मी त्यांच्या मागं. "जेवत जा वेळेवर," पप्पा म्हणाले. "पोचली की फोन कर." हे एवढं लांब बोलणं.

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. उज्ज्वलानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "काका, हिला विचारत जा हो! ही सांगत नाय, पर हिला लई येतं! पाटी बघा तिची, सिल्लोडची!"

लोक बघायला लागले. पप्पा वळले. माझ्याकडं त्यांनी नीट पाहिलं, कितीतरी दिवसांनी.

"व्हय?" ते म्हणाले.

त्यांनी मला विचारावं म्हणून मी जन्मभर थांबले होते, आणि तेही तिनंच दिलं, जाता जाता, खिडकीतून.

मी वर पाहिलं, तिनं एकदा तरी माझ्याकडं बघावं म्हणून. बस फलाटावरून मागं येऊन वळत होती. उज्ज्वला आत सरकली होती आणि शेजारी बसलेल्या, मांडीवर गाठोडं धरलेल्या एका अनोळखी बाईकडं वळून काहीतरी विचारत होती. बाईनं आधी संशयानं पाहिलं. मग तिनं गाठोडं पायाशी ठेवलं, पदर सारखा केला आणि दोन्ही हात हलवत सांगायला लागली.